हेफील्डच्या वाटा



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता किंवा मजुरीवाढीचा करार यांपैकी कशावर तरी बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. त्यांचा दोष नाही. आम्ही गेली तीस वर्षे दुसरे काही बोललेलोच नाही. परंतु आज आम्ही फिरायला जाण्यावर बोलणार आहोत. इंग्लंडात डर्बीशर नावाचा एक परगणा आहे. त्यात हेफील्ड म्हणून एक लहानसे खेडे आहे. त्या खेड्यातून सेट नावाची नदी वाहते. त्या खेड्याभोवती आणि त्या नदीच्या काठाने ज्या पायवाटा आहेत, त्यांची ही हकीकत. विषय ऐकून आमचे काही सोबती हसले. दिवसाचे बारा तास मागावर उभा राहणारा माणूस आणखी चालायला कशाला जाईल, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त आहे. त्याचे उत्तर मँचेस्टरच्या कामगारांनी देऊन ठेवलेले आहे.

आपल्या इचलकरंजीला लोक महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून मागांचा खडखडाट वाढत गेला आणि हे नाव आपल्याला चिकटले. आपण ते अभिमानाने मिरवतो. मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी काय कमावले, कोणती यंत्रे बसवली, आपल्याकडचा कापूस कसा नेला आणि कापड कसे परत पाठवले, हे आपल्या शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण त्या मँचेस्टरचा कामगार रविवारी काय करीत असे, हे कोणी सांगत नाही. तो गावाबाहेर पडत असे. शनिवारी दुपारी गिरणीचा भोंगा झाला की जाड तळव्याचे बूट काढायचे, भाकरतुकडा पिशवीत टाकायचा, आणि रविवारी पहाटेच्या गाडीने पंधरा मैलांवरच्या डोंगरांकडे जायचे. त्या गाडीचे शेवटचे स्टेशन होते हेफील्ड.

हा रविवार त्याला कोणी दान दिलेला नव्हता. इंग्लंडात १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रियांचे आणि मुलांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबले, आणि त्यांच्यामागून पुरुषांचेही थांबले. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. त्याच वर्षी २४ एप्रिलला मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली होती आणि त्या सभेत दोन कामकरी स्त्रियांनी भाषणे केली होती. ही २४ एप्रिल तारीख श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. आमच्या हकीकतीत ती पुन्हा येणार आहे. हा निव्वळ योगायोग आहे, आम्ही ज्योतिषी नव्हे. सुट्टी मिळाल्यावर मनुष्याला दुसरा प्रश्न पडतो, की ही सुट्टी घालवायची कोठे? खोलीत आठ माणसे राहतात तेथे विश्रांती मिळत नाही. गुत्ता उघडा असतो. देऊळ असते. आणि गावाबाहेरची मोकळी हवा असते, पण तिथवर जाण्याला वाट लागते.

आता जागा समजावून घेऊ. हेफील्डच्या पाठीशी किंडर स्काउट नावाचे पठार आहे. उंची ६३६ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे टेकडीच. पन्हाळगड त्याहून उंच. परंतु हे पठार ओसाड, दलदलीचे, वाऱ्याने झोडपलेले आहे. वर काळ्या कुजट मातीचा जाड थर आणि त्यावर हेदर नावाचे खुरटे झुडूप. पठाराच्या कडेवरून किंडर ओढा खाली उडी घेतो. पश्चिमेचा वारा जोरात असला की हे पाणी खाली न पडता फवाऱ्यासारखे उलटे वर उडते. आपल्याकडे पावसाळ्यात घाटमाथ्यावर असे उलटे धबधबे दिसतात, तसाच प्रकार. तेच पाणी पुढे एका तलावात साठवले आहे. स्टॉकपोर्ट नगरपालिकेने तो १९१२ साली पुरा केला. तलावाखालून निघालेले पाणी हेफील्डच्या वरच्या अंगाला सेट नदीला मिळते, सेट न्यू मिल्स गावी गॉइटला मिळते, आणि ते पाणी पुढे मर्सी होऊन समुद्राला जाते. या चिमुकल्या सेटच्या काठाने एकेकाळी कापडगिरण्या, कागदगिरण्या आणि कापड छपाईचे कारखाने होते. साध्या सुती कापडाला तिकडे कॅलिको म्हणतात, आणि हा शब्द आपल्या कालिकतवरून गेलेला आहे. तेव्हा ही नदी आम्हाला अगदीच परकी वाटत नाही. रंगाचे पाणी नदीत सोडणे म्हणजे काय, हे पंचगंगेच्या काठच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

या डोंगरावर पूर्वी गावची गुरे चरत. मग अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून गायराने आणि माळ कुंपणात घालून खाजगी करून दिले. ज्याच्याकडे कागद होता त्याला जमीन मिळाली, ज्याच्याकडे फक्त वहिवाट होती त्याला नमस्कार मिळाला. किंडरचा माळ बड्या जमीनदारांकडे गेला. त्यांना तेथे पिके काढायची नव्हती. ग्राउझ नावाचा तित्तरासारखा एक पक्षी असतो, त्याची शिकार करायची होती. १२ ऑगस्टला शिकारीचा मोसम उघडतो. मोसमातले थोडे दिवस मालक आणि त्याचे पाहुणे बंदुका घेऊन येणार, आणि उरलेले सगळे वर्ष पहारेकरी काठ्या घेऊन माळ राखणार, का, तर पक्षी बुजू नयेत म्हणून. खाली खोऱ्यात लक्षावधी माणसे धुरात खोकताहेत आणि वर मैलोगणती माळ पाखरांसाठी रिकामा आहे, असा तो देखावा होता.

कामगारांच्या आधी या वाटांसाठी मँचेस्टरचे मध्यमवर्गीय लोक भांडले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मँचेस्टरजवळ फ्लिक्स्टन येथे एका जमीनमालकाने जुनी पायवाट अडवली, त्या तंट्यातून १८२६ साली प्राचीन पायवाटांच्या रक्षणासाठी एक मंडळी उभी राहिली. पुढे १८७६ साली खुद्द हेफील्ड आणि किंडरच्या वाटांसाठी संस्था निघाली. १८९४ साली आणखी एक मोठी संस्था स्थापन झाली आणि तिने मालकांशी वाटाघाटी करून १८९७ साली हेफील्डपासून डोंगर ओलांडून पलीकडच्या स्नेक खाणावळीपर्यंतची पायवाट कायमची खुली करून घेतली. ती आजही चालती आहे. वकील, दुकानदार, पाद्री असे हे लोक. अर्ज करायचे, नकाशे काढायचे, म्हाताऱ्या साक्षीदारांच्या जबान्या घ्यायच्या, कोर्टात जायचे. हे काम कंटाळवाणे असते आणि त्याची कोणी गाणी करीत नाही. आमच्या संघटनेतही पगारपत्रके तपासणारा आणि भविष्यनिर्वाह निधीचे हिशेब लावणारा एक मनुष्य असतो. मोर्चात तो शेवटच्या रांगेत असतो, पण तो नसेल तर मोर्चाला काही अर्थ उरत नाही.

दुसऱ्या तऱ्हेचा मार्गही होता. १८९६ साली बोल्टन या कापडगिरण्यांच्याच गावी विंटर हिलवर जाणारी वाट कर्नल एन्सवर्थ नावाच्या मालकाने फाटक घालून बंद केली. सप्टेंबरच्या एका रविवारी हजारो लोक, कोणी म्हणतात दहा हजार, फाटक बाजूला सारून वर चालत गेले. मालकाने म्होरक्यांवर दावे लावले आणि जिंकले. ती वाट कायदेशीररीत्या सार्वजनिक व्हायला १९९६ साल उजाडले. मोजून शंभर वर्षे. आमच्या कामगार भावांना औद्योगिक न्यायालयातल्या तारखा फार लांब वाटतात, त्यांच्यासाठी हे उदाहरण मुद्दाम सांगतो.

आता २४ एप्रिल १९३२. मंदीचे दिवस. मँचेस्टरात बेकारी माजलेली. ज्यांना काम नाही त्यांच्यापाशी वेळच वेळ आणि पैसा नाही; डोंगरात चालणे फुकट असते. ब्रिटिश वर्कर्स स्पोर्ट्स फेडरेशन या डाव्या विचारांच्या कामगार क्रीडा संघटनेच्या तरुणांना थोड्या दिवसांपूर्वी पहारेकऱ्यांनी डोंगरावरून हाकलले होते. त्यांनी ठरवले की थोड्यांना हाकलता येते, शेकड्यांना कसे हाकलाल ते पाहू. बेत लपवला नाही, वर्तमानपत्रांना आधी कळवला. पुढारी होता बेनी रॉथमन, वय वर्षे वीस. रुमानियातून आलेल्या एका गरीब ज्यू कुटुंबातला मुलगा, मोटारींच्या कामावर उमेदवारी केलेला. स्टेशनवर पोलीस वाट पाहत असतील म्हणून हा गडी मँचेस्टरहून सायकल मारत हेफील्डला आला. गावच्या मैदानात सभा घ्यायला मनाई होती, म्हणून सगळे गावाबाहेर बोडन ब्रिजजवळच्या एका जुन्या दगडाच्या खाणीत जमले. ठरलेला वक्ता बोलेना, तेव्हा रॉथमन स्वतःच एका दगडावर उभा राहिला. संघटनेच्या कामात पुष्कळांची सुरुवात अशीच होते.

सुमारे चारशे लोक होते. तलावाच्या बाजूने विल्यम क्लफ नावाच्या घळीतून ते गात गात वर निघाले. घळीच्या वरच्या अंगाला पहारेकरी आडवे आले. ढकलाढकली झाली, काठ्या हिसकावल्या गेल्या, एका पहारेकऱ्याचा घोटा दुखावला. माणसे वर पोचली, पलीकडल्या बाजूने आलेल्या शेफील्डच्या मंडळींना भेटली, आणि परत फिरली. लोकांचा समज आहे की ते किंडरच्या माथ्यावर गेले. खरे पाहता ते माथ्याच्या खालच्या खिंडीपर्यंतच गेले. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण चळवळीच्या कथा सांगताना आपण दर वेळी दहा-वीस फूट उंची वाढवत असतो.

खाली हेफील्डच्या वेशीवर पोलीस उभे होते. पाच तरुणांना तेथे धरले, एकाला आधीच धरले होते. आता इंग्लंडच्या कायद्यात नुसते परक्याच्या जमिनीतून चालणे हा तेव्हा फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून त्यांच्यावर दंगा आणि शांतताभंगाचे आरोप ठेवले. खटला जुलैत डर्बीला चालला, मँचेस्टरपासून दूर. ज्यूरीत निवृत्त लष्करी अधिकारी आणि जमीनजुमलावाले यांचा भरणा होता. सहापैकी एक सुटला. पाचांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने. चालायला गेल्याबद्दल चार महिने!

आणि या शिक्षेने काम केले. ज्या सभ्य फिरस्त्यांच्या संघांनी आदल्या दिवसापर्यंत या पोरांचा निषेध केला होता, "यांच्या दांडगाईने आमच्या वाटाघाटी बिघडतील" असे म्हटले होते, त्यांनाही एवढी शिक्षा पचली नाही. खटल्याच्या आधीच, जून महिन्यात विनॅट्स खिंडीत वाटांच्या हक्कासाठी जो मेळावा भरला त्याला दहा हजार लोक आले, असे सांगतात. त्या १९३२ सालीच पार्लमेंटने वाटांच्या हक्काचा कायदा केला: वीस वर्षे जी वाट लोकांनी बिनहरकत वापरली ती सार्वजनिक धरावी. हा कायदा त्या मोर्चामुळे झाला असे मात्र कोणी समजू नये. त्याची खटपट कितीतरी वर्षे आधीपासून, वर सांगितलेल्या त्या कंटाळवाण्या लोकांनी चालवली होती.

अर्ज मोठा की मोर्चा, असा वाद तिकडे अजून चालतो. टॉम स्टीव्हन्सन हे फिरस्त्यांच्या चळवळीतले फार मोठे नाव. उत्तर इंग्लंडच्या कण्यावरून स्कॉटलंडपर्यंत जाणाऱ्या पेनाइन वाटेची कल्पना त्यांनी १९३५ साली वर्तमानपत्रात मांडली. त्यांच्या मते १९३२ च्या मोर्चाचा फार उदोउदो झाला आहे. रॉथमन यांना अर्थातच तसे वाटत नव्हते. आम्हाला विचाराल तर, अर्जवाल्यांनी नकाशा तयार ठेवला नसता तर मोर्चेवाल्यांना काय मागायचे हे कळले नसते, आणि मोर्चेवाल्यांनी तुरुंग पाहिला नसता तर अर्जांवर आणखी वीस वर्षे धूळ बसली असती. पण हे आम्ही संघटनेचा माणूस म्हणून बोलतो आहोत. वकील मंडळी वेगळे बोलतील, आणि त्यांना तसे बोलण्याची फी मिळते.

पुढचा इतिहास झटपट सांगतो. १९४९ साली मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागात प्रवेशाचा कायदा केला. त्याने प्रत्येक परगण्याला आपल्या सगळ्या सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करायला लावले. १९५१ साली देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, ते याच पीक डिस्ट्रिक्टचे. पेनाइन वाट खुली झाली १९६५ साली, तारीख पुन्हा २४ एप्रिल. १९८२ साली किंडरचा माळ नॅशनल ट्रस्ट या सार्वजनिक न्यासाने विकत घेतला. २००० साली कायदा होऊन इंग्लंड-वेल्समधल्या नोंदलेल्या डोंगरांवर आणि माळांवर वाट सोडूनही फिरण्याचा हक्क सर्वांना मिळाला. २००२ साली त्या खाणीजवळ सत्तरावा वाढदिवस साजरा झाला, तेव्हा डेव्हनशरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. रॉथमन त्याच वर्षी जानेवारीत वारले. मधल्या सत्तर वर्षांत त्यांनी काय केले म्हणाल, तर कारखान्यात काम केले आणि इंजिनिअरिंग कामगारांच्या संघटनेचे काम केले.

सर्वच मिळाले असे मात्र नाही. या हक्काखाली आलेली जमीन इंग्लंडच्या सुमारे आठ टक्केच आहे. शेते, जंगले, नदीकाठ यांतला फार मोठा भाग अजून बंद आहे. शेजारच्या स्कॉटलंडने २००३ साली याहून पुष्कळ उदार कायदा केला.

इथपर्यंतची हकीकत पुस्तकांत सापडते. आम्हाला ज्यासाठी हा विषय घ्यावासा वाटला ती गोष्ट वेगळी आहे. हक्क मिळाला, नकाशावर रेघ उमटली, पण त्या रेघेवर पाऊल कोणाचे पडणार? विल्यम क्लफच्या घळीतून वीस वर्षांचा रॉथमन गेला. ज्याचे गुडघे गेले, ज्याची छाती कापसाच्या धुळीने भरली, जिच्या कडेवर मूल आणि हाताशी दुसरे, ज्याचा पाय यंत्रात गेला, त्याने काय करावे? ही माणसेच जास्त, आणि मोकळ्या हवेची गरजही त्यांनाच जास्त.

आमच्या ओळखीचे सायझिंगमधले एक जुने कामगार आहेत. अपघातात त्यांचा पाय मांडीपासून गेला. भरपाईसाठी जे भांडायचे ते आम्ही भांडलो, जे मिळायचे ते मिळाले. ते प्रकरण आज नको. घर नदीपासून हाकेच्या अंतरावर. आपल्याकडे २००५, २०१९, २०२१ या साली पंचगंगेला महापूर आले, तेव्हा सगळे गाव पाणी पाहायला लोटले होते. त्या गर्दीतून परत येताना आम्ही त्यांच्या दारी टेकलो. ते म्हणाले, "भाऊ, पाणी किती चढलं ते मी पोरास्नी इचारतोय. सोता नदी बघून किती साल झाली म्हनता!" त्यांना तीनचाकी सायकल आहे. पण घाटाला पायऱ्या, काठच्या वाटेला चिखल, आणि बांधावरची वाट एका पावलाची. नदी सार्वजनिक आहे. त्यांच्यापुरती ती नाही.

हेफील्डच्या लोकांनी या प्रश्नाचे एक उत्तर काढलेले आहे, आणि ते त्यांना आयतेच सापडले. ज्या आगगाडीने मँचेस्टरचे कामगार येत ती १८६८ साली सुरू झालेली शाखा १९७० साली तोट्यात म्हणून बंद झाली. रूळ उखडले. परगण्याच्या कौन्सिलने ती पट्टी विकत घेतली आणि १९७९ साली तिची सार्वजनिक वाट केली: हेफील्ड ते न्यू मिल्स, अडीच मैल, सेट नदीच्या खोऱ्यातून. आता आगगाडीचा मार्ग म्हणजे काय, हे कामगारांना सांगायला नको. इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून तो मार्ग सपाट असतो. इंजिनाला जे सोसत नाही तेच चाकाच्या खुर्चीला, बाबागाडीला आणि म्हाताऱ्या गुडघ्यांना सोसत नाही. त्यामुळे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी इंजिनासाठी आखलेली ती पट्टी आज त्यांच्या कामी येते. वाट रुंद आहे, खाली खडी दाबून बसवलेली आहे, घोडेस्वार, सायकलवाले आणि पायी माणसे एकाच वाटेने जातात. बाजूला जुन्या छपाई कारखान्यांच्या पाण्याच्या साठवणी दिसतात. त्यांत आता बदके पोहतात. हेफील्डला जेथे स्टेशन होते तेथे आता मोटारी आणि बस उभ्या राहतात, म्हणजे ज्याला चालवत नाही तो मनुष्य वाटेच्या तोंडापर्यंत येऊ शकतो. ही गोष्ट लहान वाटते. पण वाट कितीही सपाट केली आणि तिच्या तोंडाशी पोचण्यासाठी दोन पायऱ्या ठेवल्या, तर सगळा खर्च फुकट जातो.

इतर वाटांचे काय? इंग्लंडात शेताशेताला कुंपण किंवा दगडी गडगा असतो. गुरे बाहेर जाऊ नयेत आणि माणूस मात्र जावा, यासाठी गडग्यात पायऱ्या बसवतात. याला स्टाइल म्हणतात. एक पाय वर टाकायचा, पलीकडे उतरायचे. तरुणाला गंमत, पण एका मैलात अशा चार पायऱ्या असल्या म्हणजे म्हातारा माणूस पहिल्या पायरीशीच परत फिरतो. दुसरा प्रकार म्हणजे फिरते फाटक. अर्धवर्तुळ कठड्यात एक झडप हलते, एका वेळी एक माणूस अंग चोरून जातो, गाय जाऊ शकत नाही. याला ते किसिंग गेट म्हणतात; नावाचा खुलासा आम्ही या व्यासपीठावरून करणार नाही. यातूनही चाकाची खुर्ची जात नाही. तेव्हा तिकडे असा दंडक निघाला की अडसर जितका कमी करता येईल तितका करावा. शक्य तर नुसती फट ठेवावी. गुरांमुळे फट चालत नसेल तर उघडमीट करता येईल असे फाटक बसवावे. तेही नसेल तर मोठ्या घेराचे फिरते फाटक. चढायच्या पायऱ्या नव्याने घालूच नयेत. राष्ट्रीय उद्यानांनी अशा वाटा हुडकून त्यांच्या याद्या छापल्या आहेत. माइल्स विदाउट स्टाइल्स, म्हणजे पायऱ्यांवाचूनचे मैल, असे त्यांना नाव दिले आहे. यादीत प्रत्येक वाटेचा चढ किती, खालची जमीन कशी, फाटके किती हे आगाऊ सांगितलेले असते, म्हणजे घरी बसूनच माणसाला ठरवता येते की हे आपल्याला जमेल की नाही. पाय नसलेल्या माणसाला कोणी हात धरून नेणे वेगळे आणि आपले आपण जाणे वेगळे. कामगाराला मजुरी आणि भीक यांतला फरक कळतो, तोच हा फरक आहे.

खालच्या अंगाला न्यू मिल्स गावी तर आणखी पुढची मजल मारली. तेथे गॉइट नदी खोल घळीतून वाहते. एका जागी काठच नाही, नुसती रेल्वेची उभी भिंत आणि खाली पाणी, म्हणून तेथून कोणाला जाता येत नव्हते. २००० सालाच्या सुमारास त्या भिंतीलाच पोलादी आधार देऊन नदीवर अधांतरी चालायची वाट बांधली. पलीकडच्या काठावर एका जुन्या गिरणीचे उंच धुडे आजही उभे आहे.

आता कोणी म्हणेल, ते श्रीमंत राष्ट्र आहे. ठीक आहे. मग पैशाची गोष्ट सोडून फक्त कागदाची बोलू. आपल्या प्रत्येक गावाचा एक गावनकाशा आहे आणि तो भूमी अभिलेख कार्यालयात पाहायला मिळतो. त्या नकाशावर दुहेरी तुटक रेघ असते तो गाडीमार्ग आणि एकेरी तुटक रेघ असते तो पायमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे. सव्वाआठ फूट! आज आपल्या शिवारात उसाच्या फडांमधून जाणारा कोणता पायमार्ग सव्वाआठ फूट उरला आहे ते श्रोत्यांनी आठवून पाहावे. दर नांगरटीला एक वीत, असे करत करत पाणंद बांधात गेली आणि बांध उसात गेला. इंग्लंडातही शेतकरी वाट नांगरतो. पण १९९० च्या कायद्याप्रमाणे पहिल्या मशागतीनंतर चौदा दिवसांत त्याला ती वाट पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. आम्ही शेतकऱ्याविरुद्ध बोलत नाही. ज्याला दीड एकर आहे त्याला एक वीत म्हणजे वाढे नव्हे, पेंढीभर ऊस आहे, हे आम्हाला कळते; आमचे निम्मे सभासद अशाच घरांतून मागावर आलेले आहेत.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९०६ चा मामलतदार कोर्ट कायदा आहे. असलेली वाट कोणी अडवली तर तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतो. १९६६ च्या जमीन महसूल कायद्याच्या १४३ व्या कलमाखाली बांधावरून वाट मागता येते. परंतु हे दोन्ही मुख्यत्वे शेताला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या सोयीसाठी आहेत. ज्याला शेत नाही, ज्याला नुसते नदीपर्यंत जाऊन येऊन बसायचे आहे, त्याच्या चालण्याला या कायद्यांत नाव नाही. नदीवर जाण्याचा हक्क ही काय वस्तू आहे, हे महाराष्ट्राला नव्याने शिकवायला नको. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यापर्यंत चालत गेले, आणि नगरपालिकेने ते तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव त्याआधीच केलेला होता. ठराव कागदावर होता, पाणी तळ्यात होते, आणि मधली वाट बंद होती.

पंचगंगेचे पाणी आज कसे आहे, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. २०१२ साली आपल्या गावात काविळीची साथ आली, ती आपण विसरलेलो नाही. असल्या नदीकाठी फिरायला जावे तरी कशाला, असे म्हणणारे भेटतात. आमचा अनुभव असा, की ज्या नदीकडे लोक जात नाहीत तिच्यात काय सोडले जाते हे कोणी पाहत नाही. सेटच्या काठचे कारखाने रात्री कोणत्या रंगाचे पाणी सोडीत, ते सांगायला काठाने जाणारी माणसेच होती.

आमच्या संघटनेने गेल्या महिन्यात एक काम हाती घेतले आहे. नदीच्या या अंगाच्या चार गावांचे गावनकाशे रीतसर फी भरून मागितले. दोन मिळाले, दोनांसाठी खेटे चालू आहेत. मिळालेल्या नकाशांवरच्या एकेरी तुटक रेघा लाल शाईने उतरवून घेतल्या आहेत. त्या रेघा प्रत्यक्ष शिवारात कोठवर चालता येतात, कोठे पायऱ्या, कोठे तार, कोठे चिखल, हे लिहून काढायचे आहे. लांबी मोजायला एक जुन्या सायकलचे चाक आणि त्याला बांधलेली चिंधी एवढेच साधन आहे. चिंधी किती वेळा वर आली ते मोजायचे. ज्यांना हे काम करायचे असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर उजवीकडच्या टेबलापाशी नाव द्यावे. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला घाटाच्या वरच्या बाजूला जमायचे आहे. आमचे सायझिंगमधले ते मित्र तीनचाकी घेऊन येणार आहेत. त्यांचे चाक जेथे अडेल तेथे खूण करायची, एवढेच त्या दिवशीचे काम.